त्याचंच लाकूड त्याला

३ नोव्हेंबर

ठोक्या,

काल दुपारी तू मला भेटलास. एका रायफलीच्या दस्त्यात.

मला वेड लागलेलं नाही, सविस्तर सांगते. इतकी वर्षं तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मी तुला नाही, त्यामुळे सुरुवात कुणी करायची असा प्रश्न होता. तो या रायफलीनं सोडवला. फोन केला असता, पण तू फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस. तुझं ‘हं’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. पत्रात निदान मला पुरतं बोलता येतं. पत्ता तुझ्या बायकोनं दिला. तिला रागावू नकोस. ती मला अधूनमधून फोन करते, त्यामुळे तुझा खोकला, तुझं वाढलेलं पोट, नव्या वर्कशॉपातली तुझी खिडकी, सगळं मला इथे बसून ठाऊक असतं.

तर रायफल. आमच्या लिलावघरात परवा एक वयस्कर बाई आल्या. रिक्षातून एकट्या आल्या, हातात चादरीत गुंडाळलेलं लांबलचक गाठोडं. नवरा गेल्या वर्षी वारला, आता घर आवरून मुलीकडे राहायला जायचंय, आणि मुलगी म्हणते आई तू ये पण बंदूक नको. मालकांनी गाठोडं माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाले, “बघा, काय लिहिता येतं.” माझी सगळी नोकरी या एका वाक्यात बसते. लोकांची जुनी हत्यारं बघायची आणि ती न बघता विकत घेणाऱ्यांसाठी खरं खरं लिहायचं.

जुनी फौजी रायफल आहे, आपल्या आजोबांच्या लहानपणीची. नळी कायद्याप्रमाणे बंद केलेली, त्यामुळे आता ती फक्त भिंतीवर शोभणार. मी बाबांच्या पद्धतीनं नळीच्या तोंडापासून सुरू केलं आणि दस्त्याकडे सरकत आले. आधी दोष, मग गुण. तुला आठवतं ना, बाबा आपली प्रगतिपुस्तकंसुद्धा याच क्रमानं वाचायचे, आणि गुणांपर्यंत पोचेपर्यंत तू गच्चीवर पळालेला असायचास.

दस्त्याच्या टाचेशी, म्हणजे रायफल उभी केली की जी बाजू जमिनीला टेकते तिथे, माझा अंगठा कशालाच अडला नाही. तेच मला खटकलं. इतकी वर्षं बराकीच्या फरशीवर आपटलेली बंदूक, आणि टाच इतकी शहाणी? रंग जुळत होता. लाकडाच्या रेषा जुळत होत्या. मी टोकाची पितळी पट्टी स्क्रू काढून उतरवली आणि आत बोट घातलं. आत लाकडात एक खळगा होता, कडा गोल घासलेल्या, वरून मेण फिरवलेलं. म्हणजे कुणीही कधी बघणार नाही अशा जागेतून लाकूड काढलं होतं, आणि सगळे बघतात त्या जागी बसवलं होतं. त्याचंच लाकूड त्याला. असं करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

शाळेत असताना आईच्या खुर्चीचा मोडलेला हात तू असाच जोडलास. बैठकीच्या खालून तुकडा काढलास. आई त्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, ओळखा कुठे मोडली होती. कुणाला ओळखायचं नाही. मला कळायचं, पण मी गप्प बसायचे, कारण तू तिथेच छाती पुढे काढून उभा असायचास.

पट्टी परत बसवली. मालकांनी विचारलं, काही दोष सापडला का. मी म्हटलं, ओळखीचा आहे.

हे काम तुझंच ना? एवढंच कळव. सोबत कोरं कार्ड ठेवलंय, त्यावर माझा पत्ता मीच लिहिलाय, म्हणजे तुला तेवढेही कष्ट नकोत. अक्षर मोठं आलंय ते पेन जाड आहे म्हणून.

ताई


११ नोव्हेंबर

ठोक्या,

कार्ड आलं नाही. तुझ्या बायकोला विचारलं, ती म्हणाली तू ते वर्कशॉपातल्या फळीवर उभं करून ठेवलंयस आणि येता-जाता त्याच्याकडे बघतोस. बघ बाबा. कार्डाला आहे वेळ. मला नाही, कारण लिलावाची यादी महिनाअखेरीला छापायला जाते.

तू गप्प का आहेस हे मला कळत नाही असं नाही. तुला ती घोडदळाची बंदूक आठवली असणार, तू जोडून आमच्या लिलावाला आणलेली. त्या वेळी तू ती माझ्यापुढे ठेवलीस, चहाचा कप बाजूला सारलास आणि म्हणालास, “ताई, ओळख पाहू कुठे जोडलंय.” मी ओळखलं. तू किती खूश झालास, मला अजून दिसतो तो तुझा चेहरा. आणि मग आठवड्यानं यादी छापून आली, त्यात माझ्या हातचे दोन शब्द होते: नंतरची दुरुस्ती. ते वाचून, ती घ्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी भर हॉलमध्ये ती बंदूक परत सरकवली आणि फसवणूक असा शब्द वापरला. तू दार आपटून गेलास तो गेलासच.

मी त्या दोन शब्दांबद्दल काही बोलणार नाही. ते खरे होते आणि मी उद्या परत तेच लिहीन. न बघता घेणारा माणूस माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. तू माझा भाऊ आहेस म्हणून त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची नसते. पण दार आपटल्यानंतर हॉलमध्ये काय झालं ते तू ऐकलं नाहीस, आणि तुला कुणी सांगितलंही नसणार. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही स्वतः दिवसभर लोकांच्या दातांत सिमेंट भरता, तेव्हा त्याला कुणी फसवणूक म्हणतं का? सगळा हॉल हसला. डॉक्टर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं, त्यांचं बोलणं फार लांबतं.

तेच डॉक्टर आता या रायफलीवर डोळा ठेवून आहेत. काल येऊन उभे राहिले. त्यांना हात न लागलेली वस्तू हवी असते. गंज चालेल, चीर चालेल, पण कुणी काही सुधारलेलं चालत नाही. त्यांनी टाचेवरून हात फिरवला, भिंग लावलं, मान हलवली आणि म्हणाले, “काय राखलीय हो. अगदी जशीच्या तशी.” मी काहीच बोलले नाही. यादी छापून येईपर्यंत बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तो मी फार सुखानं पाळला. तुझ्या जोडावर तो माणूस भिंग लावून फसला, आणि मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन स्वतःला एक कॉफी घेतली.

पण म्हणजे अडचण केवढी आहे बघ. मी सोडून हा जोड कुणाला दिसणार नाही. मी गप्प बसले तर बाईंची रायफल डॉक्टर डोळे मिटून नेतील. लिहिलं तर तुझ्या कामाखाली परत तेच दोन शब्द येतील, माझ्याच हातचे. मग तू मला उरलेल्या जन्मात कार्ड पाठवणार नाहीस.

म्हणून आज मी बाईंनाच चहाला बोलावलं. विचारलं, टाच कधी फुटली होती का. त्यांचा चेहरा एकदम शाळेतल्या मुलीसारखा झाला. म्हणाल्या, कुणाला सांगणार नाही ना? घर बदलताना कपाटावरून त्यांच्याच हातून पडली होती. एवढा मोठा टवका निघाला, आणि सामान हलवणाऱ्यांच्या पायाखाली त्याचा चुरा झाला. नवरा दोन दिवस बोलला नाही. हा माणूस निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ती बंदूक पुसत असे. बाई म्हणाल्या, “मला कधी विचारलं नाही कशी आहेस, पण तिला रोज विचारायचे.” मग एक दिवस तो रायफल घेऊन रेल्वेनं कुठे लांब गेला, चार महिन्यांनी परत जाऊन घेऊन आला, आणि बायकोच्या हातात देऊन म्हणाला, शोध.

त्यांना सापडलं नाही. तेव्हापासून त्या घरात तो विषय संपला.

मी विचारलं, जोडणारा काय म्हणाला होता काही आठवतं का. बाईंना आठवत होतं, कारण नवरा ते पुढे सगळ्यांना सांगायचा. कारागीर म्हणाला होता, “पडलीच नव्हती असं नाही करता येत, काका. पडली तरी चालतं, असं करून देतो.”

मला त्यानंतर तुझ्या कार्डाची गरज उरली नाही. हे तूच म्हणू शकतोस. तरी पाठव.

ताई

ता. क. बाईंनी दोनदा विचारलं, मी पाडली असं यादीत लिहाल का. मी म्हटलं, वस्तूचं काय झालं ते लिहायचं असतं, कुणी केलं ते नाही. असं म्हटलं आणि मग तेच डोक्यात घोळत राहिलं.


१९ नोव्हेंबर

ठोक्या,

वर्णन लिहून झालं. छापायला देण्याआधी तुला पाठवतेय. तीस वर्षांत मी कुणालाही आधी वाचायला दिलेलं नाही, मालकांनासुद्धा नाही, तेव्हा त्याची किंमत ठेव. नीट बसून वाच. जेवताना वाचू नकोस, तू कागदावर वरण सांडतोस.

*फौजी रायफल, हातानं बोल्ट ओढून भरायची, संगिनीच्या कड्यासह, पट्ट्याविना. नळी कायद्यानुसार कायमची बंद.*

*नळीचे तोंड किंचित झिजलेले, गज तिरका घालून साफ केल्याची खूण. नेम धरायची पुढची माशी डावीकडे वाकलेली, सरळ करण्याचा प्रयत्न झालेला नाही. नळीची निळी झिलई वरच्या अंगाला टिकून आहे, खालच्या अंगाला, जिथे चालताना हाताची मूठ असते, तिथे पूर्ण उडून राखाडी. मागच्या बाजूस गंजाचे बारीक खड्डे, जुने, थांबलेले. नळी, बोल्ट आणि दस्ता या तिन्हींवर एकच क्रमांक. बोल्ट सैल नाही, अडत नाही. खटक्याची कमान मूळची.*

इथे मी एक पुसलेलं वाक्य तुला सांगते. मी लिहिलं होतं की बोल्ट ओढताना येणारा आवाज फार चांगला आहे. मालक म्हणाले, हे वर्णन आहे की काय आहे? मी खोडलं. पण आवाज खरंच चांगला आहे, अगदी बाबांच्या कपाटाच्या कडीसारखा. तू असतास तर दिवसभर ओढत बसला असतास आणि मी तुला हाकललं असतं.

*लाकूड अक्रोडाचे, तेलावर राखलेले, घासून नवे केलेले नाही. पुढच्या लाकडावर वापराचे बोथट ठोके. दस्त्याच्या उजव्या गालावर कोरलेली दोन अक्षरे, कोणत्या तरी शिपायाची, पुढच्या शिपायाने खोडण्याचा अर्धवट प्रयत्न केलेला. दस्त्याचा गाल शिपायांच्या घामाने आणि गालांनी काळा झालेला.*

*दस्त्याची टाच एकदा फुटलेली आहे. नंतरची दुरुस्ती. तुटलेला भाग याच दस्त्याच्या आतून, पितळी पट्टीखालून काढलेल्या लाकडाने भरला आहे. परके लाकूड किंवा रंग वापरलेला नाही. जोड डोळ्यांना दिसत नाही. तो खरा आहे की नाही हे पाहू इच्छिणाऱ्यास पट्टी उघडून दाखवली जाईल. काम*

इथे ‘काम’च्या पुढे मी जागा कोरी सोडलीय. त्या जागी नाव घालायचं. आमच्या यादीत कारखान्याचं नाव असतं, शिक्का असतो, कुठल्या पलटणीची तेही असतं. दुरुस्त करणाऱ्याचं नाव आजवर कधीच आलेलं नाही, कारण दुरुस्ती म्हणजे लाज असंच आमच्याकडे धरून चालतात. मालकांशी मी यावर अर्धा तास भांडले. ते म्हणाले, नाव घातलं तर जाहिरात होईल. मी म्हटलं, पलटणीचं घातलं तर लढाई होते का? ते हसले आणि गेले, म्हणजे मी जिंकले.

बाईंना मसुदा वाचून दाखवला. मला वाटलं, फुटलेली हा शब्द ऐकून त्या हिरमुसतील. त्या म्हणाल्या, राहू द्या. माझ्यासाठी ते एवढ्या लांब दोनदा गेले, तेही कुठेतरी लिहिलेलं असू दे. मग हातरुमाल शोधायला लागल्या आणि तो सापडेना. माझा दिला.

आता तुझं नाव घालायचं की नाही हे तू सांगायचंस. नाही म्हणालास तर फक्त जोडाचं लिहीन. पण जोडाचं लिहीनच, ते सोडणार नाही, हे लक्षात असू दे. माझा स्वभाव तुला माहीत आहे आणि तुझा मला.

मला तुझी आठवण येते, ठोक्या. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहिलंय. संध्याकाळी टेबल आवरताना अजूनही तोंडात येतं की हे ठोक्याला दाखवायला हवं. मग दिवा बंद करते आणि घरी जाते.

सोमवारपर्यंत कळव.

ताई

ता. क. हे पत्र वाकडं-तिकडं गेलंय ते खिडकीतला उजेड कमी झालाय म्हणून. समोर नवी इमारत होतेय.


७ डिसेंबर

अरे ठोक्या,

आलं तुझं कार्ड. इतकी वर्षं थांबायला लावून पाठवलंस काय, तर चूक काढलीस.

मी ते टेबलावर समोर ठेवलंय. शब्दन् शब्द पाठ झालाय, तरी परत लिहून बघते: “वर्णन वाचलं. नाव घाल. एक जोड लिहायचा राहिलाय. पुढच्या लाकडात, पहिल्या कड्याच्या मागे, डाव्या अंगाला, त्याच पडण्यातली चीर. तो मी लपवलेला नाही, साधा आहे. तुला तो दिसला नाही, हे होऊच शकत नाही. नळी उचलून खाली बघ. आणि डोळ्यांचं खरं सांग. येऊ का?”

पहिल्यांदा मला राग आला. मग मी नळी लाकडाला बांधणाऱ्या त्या कड्याच्या मागे अंगठा फिरवला आणि तो तिथे होता. भलामोठा, तिरका, तळहाताच्या रेषेएवढा लांब. टाचेचा जोड माझ्या बोटांना सापडला, कारण तिथे काही नसण्याचा मला संशय आला होता. हा मात्र नुसता बघूनच दिसायला हवा होता, आणि मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते. ‘वापराचे बोथट ठोके’ असं वर लिहूनही मोकळी झाले. बाबा असते तर त्यांनी माझं प्रगतिपुस्तक तिथेच मिटलं असतं.

नळी उचलायला मालकिणीची परवानगी लागते, म्हणून बाईंना बोलावलं. त्या समोर खुर्चीत बसल्या, मी कडी काढली, नळी लाकडातून सोडवली. खालच्या खोबणीत जोडाची मागची बाजू होती, आणि तिच्याजवळ शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. काहीतरी आहे एवढंच मला दिसलं. दिवा जवळ घेतला. भिंग लावलं. दुसरं भिंग लावलं. तू लिहिलं आहेस हे कळत होतं, काय लिहिलंयस ते कळत नव्हतं. शेवटी भिंग बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, जरा वाचता का, माझं आज डोकं दुखतंय.

त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. नंतरची दुरुस्ती. आणि खाली साल.

बाई म्हणाल्या, तुमच्या यादीत लिहिलंय अगदी तेच की हो. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, मग कुणी कुणाचं उतरवून घेतलं? मी हातरुमाल शोधायला लागले. माझा हातरुमाल त्यांच्याकडेच होता. तो त्यांनी परत केला.

संध्याकाळी तुझ्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं? ते प्रत्येक कामाच्या आत हेच लिहितात, इथे आल्यापासून. लिहिताना म्हणतात, ताईनं उघडलं तर तिला शोधत बसायला नको. म्हणजे तू दार आपटून गेलास, एकाही फोनला धड उत्तर दिलं नाहीस, आणि तिकडे बसून माझे दोन शब्द लाकडात लिहीत राहिलास. गाढवा. मी इतकी वर्षं समजत होते की तू ते शब्द विसरायला गेलायस.

यादी छापून झाली होती. मी तिच्यात तुझ्या नावासकट चिठ्ठी घालायला लावली: पुढच्या लाकडात दुसरा जोड, वर्णनकर्त्या बाईंच्या नजरेतून सुटलेला, कारागिरानं स्वतः कळवला. मालक म्हणाले, नजरेतून सुटलेला हे कशाला? मी म्हटलं, दोष आधी.

लिलावाआधीच्या पाहणीच्या दिवशी दातांचे डॉक्टर आले. यादी वाचली, चिठ्ठी वाचली, तुझं नाव वाचलं. मग पट्टी उघडायला लावली आणि खळग्यात बघत कितीतरी वेळ वाकून उभे राहिले. नंतर सरळ झाले आणि मला म्हणाले, “माझ्याकडे एक आहे, टाच गेलेली. ते इकडे कधी येतात का?” एवढंच. मागच्या ‘फसवणूक’ शब्दाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. त्या रायफलीवर बोली लावायला मात्र त्यांनी नाव दिलंय. बाई खूश आहेत. त्यांना वाटतं, डॉक्टर आहेत म्हणजे पुसतील नीट.

आता डोळ्यांचं. तू खरं विचारलंस, तर बाबांच्या क्रमानं सांगते.

उजवा डोळा: मोतीबिंदू, पिकलेला. समोर दुधाचा पडदा. दिव्याभोवती कडं दिसतं. डावा: तोच आजार, जरा मागे आहे. दोन्ही मूळचे, आजवर हात न लागलेले. गुण म्हणायचे तर रंग अजून काळाच आहे. दीड वर्षापासून असं आहे आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. क्रमांक मी बोटांनी वाचते, आणि बोटांना येत नाहीत ते मालकांना गप्पांत गुंतवून वाचून घेते. पेन जाड नव्हतं. समोर इमारतही होत नाही. हे काम गेलं तर मी काय करणार, या भीतीनं मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही गेले नव्हते. तुझं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले.

ते म्हणाले, साधं काम आहे. आतलं जुनं भिंग काढायचं आणि नवं बसवायचं. मी विचारलं, नवं कशाचं असतं? ते म्हणाले, तयार मिळतं. मी विचारलं, तिचंच तिला असं काही करता येत नाही का? त्यांना कळलं नाही. तुला कळेल. थोडक्यात, जन्मभर दुसऱ्याच्या दुरुस्त्या शोधल्या, आता माझ्यातच एक होणार, तीही परक्या मालाची. तू पेन्सिल घेऊन ये, आत कुठे लिहिता आलं तर बघ.

उजव्याची तारीख याच महिन्याची पंधरा ठरलीय. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात. घरी न्यायला कुणीतरी लागतं, आणि थेंब घालायला. शेजारीण घालीन म्हणाली होती. मी तिला नको म्हणून सांगितलं.

‘येऊ का’ म्हणून विचारतोस? ये. तुझी खोली तशीच आहे, फक्त तिच्यात माझी कपाटं आहेत. चौदालाच ये. पट्टी सुटेल तेव्हा समोर तू बस, खिडकीकडे तोंड करून, हलू नकोस. इतक्या वर्षांत तुझं काय काय झालंय ते मला सावकाश बघायचंय. दोष आधी सांगेन.

ताई